दोन दिवे, तीन सावल्या

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी मात्र त्या बाईला स्वतःच्या तोंडाने “थँक यू वहिनी” म्हणालोय.

स्थळ, पनवेलजवळचं सुकापूर. आमचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, शनिवार. रात्रबित्र नव्हती... भर दुपार होती.

माझी बायको अनुया कॅन्सरच्या उपचारांतून नुकतीच बाहेर पडली होती. रिपोर्ट चांगले होते. पण आमच्या बाथरूमच्या आरशावर वरून ट्यूबलाईट. त्या उजेडात तिच्या डोळ्यांखाली, गालांखाली काळं दिसायचं.

“अपूर्व, मी बरी झालेली दिसतच नाही रे,” ती रोज म्हणायची.

ती थोडे दिवस माहेरी गेली, तेव्हा म्हटलं, आल्यावर चकित करू. कोन गावातल्या प्रणित इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

“सायेब, वरचा लाईट काय कामाचा नाय,” तो म्हणाला. “दोनी बाजूंना लावू, डोल्यांच्या उंचीला. मंग तोंडावर सावली पडत नाय. वहिनींना उभं करा. मापाला मानूस लागतो.”

“ती नाहीये. मीच राहतो उभा.”

“तुमी ताडमाड. तुमच्या मापानं लावले तर त्यांच्या डोक्यावर जातील.”

तेवढ्यात मागून आवाज आला...

“मी राहते ना उभी.”

एक बाई. अंगात साधा गाऊन, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. धूळ जावी म्हणून मी घराचं दार उघडं ठेवलं होतं. समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन राहायला आलेली असेल, असं वाटलं. उंची अगदी अनुयाएवढी. मला बरंच वाटलं, आयती सोय झाली.

ती आरशासमोर उभी राहिली. प्रणितची नजर भिंतीवर, माझी हातातल्या दिव्यांवर. आरशात आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

“एवढीच आहे ती,” बाई म्हणाली.

प्रणितने दोन्हीकडे पेन्सिलने खुणा केल्या. मी थँक यू म्हणालो, वळलो... आणि कोणीच नव्हतं. चपलांचा आवाजसुद्धा नाही.

दिवे कोणासाठी लावतोय, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. पण ते माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

अनुया आली. दिवे लावले. चेहरा कसा स्वच्छ दिसला तिचा! किती दिवसांनी हसली. मी तर हवेतच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हाक मारली. आवाज वेगळा होता.

“अपूर्व, दिवे किती आहेत?”

“दोन. का गं?”

“मग सावल्या तीन का?”

मी मागच्या टाइल्सकडे पाहिलं. तिच्या दोन सावल्या, डावीकडे एक, उजवीकडे एक. आणि कोपऱ्यात...

तिसरी.

अनुयाने हात वर केला. दोन सावल्यांनी हात वर केला.

तिसरी तशीच उभी.

मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. जिन्यातून जाणारा वॉचमन म्हणाला, “साहेब, तिकडे कोणी राहत नाही.”

मग प्रणितला फोन लावला. “अरे, ती बाई आली होती ना दारातून...”

त्याने मला मधेच तोडलं.

“सायेब, दारातून कुटं? ती तुमच्या बेडरूममदून आली. मला वाटलं घरातलीच हाय.”

त्याच दिवशी दिवे काढले, ट्यूब परत लावली. मोठा पराक्रम केला असं वाटलं मला.

अनुया पलंगावर बसून बघत होती.

“दिवे काढलेस म्हणून ती गेली का?” ती शांतपणे म्हणाली. “पुन्हा लाव. निदान कुठे उभी आहे, ते तरी कळत होतं.”

लावले. काय करणार?

सावली कोपऱ्यात नव्हती. अनुयाच्या सावलीला खेटून उभी होती.

पुढच्याच तपासणीत आजार परत आल्याचं कळलं. आम्ही फिरायचे तेवढे डॉक्टर फिरलो. माझी बहीण कुमुदताई नवस बोलली, घरात शांतीची पूजा केली. मी देवळातही घाईघाईत जाणारा माणूस, पण मीही हात जोडले. कशाचा काही उपयोग झाला नाही. शेवटच्या दिवसांत अनुया आरशासमोर उभी राहिली, तर एका बाजूची तिची सावली आणि ती तिसरी वेगळ्या करता येत नव्हत्या.

जूनमध्ये ती गेली.

ताई म्हणते, फ्लॅट विक, आमच्याकडे ये. मी ऐकत नाही.

ती बाई कोण होती, आमच्या बेडरूममध्ये कधीपासून होती, मला माहीत नाही. तिचा चेहराही आठवत नाही. आता त्या भिंतीवर माझ्या दोनच सावल्या पडतात. लोकांना वाटेल, सुटलो.

मी रोज आंघोळ झाल्यावर दोन्ही दिवे लावून तिथे उभा राहतो. अनुयाची तरी दिसावी म्हणून...

दिसत नाही.