बर्फातली रोहू

"ताजी रोहू! आत्ताच वैनगंगेतून काढली!"

भंडाऱ्याच्या मासळी बाजारात ऐन माझ्या मासळीच्या टोपलीसमोर आपली टोपली मांडून एक पोरगा असा ओरडला, आणि माझं डोकंच सणकलं. ढिवराच्या, पिढीजात मासेमाराच्या पोरीला उल्लू बनवतो? उठले, त्याच्या टोपलीतल्या माशाचा कल्ला उचलून पाहिला. ताज्या माशाचा लालभडक असतो, हा फिका, पांढरट.

"काहून भाऊ, वैनगंगेत बर्फ पडून रायला का आजकाल?"

"हळू बोल न... अन् भाऊ नोको म्हनू."

"मंग काय म्हनू? चोर?"

"लिलाधर म्हन. कारध्याचा आहो."

तो हसला, पण टोपलीवर घाईघाईने फडकं ओढलं. कारध्याचा ढिवर, नदी दारात, आणि हा बाहेरून ट्रकने आलेली बर्फातली मासळी विकत घेऊन विकतो! समाजात कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी बोंब ठोकणारच होते... पण नाही ठोकली. का? डोळे छान होते मेल्याचे, दुसरं काय!

मग तो रोज समोर बसू लागला.

"आज काय पकडलं?" मी मुद्दाम विचारायची.

"आज तुले पकडाचा विचार हाय."

"जाळं तरी हाय का तुह्यापाशी?"

हसायचा. पण नदीचं नाव काढलं की चेहरा एकदम बंद. विचारलं की विषय बदलायचा.

माझ्या बाबांच्या, तुलारामच्या नजरेतून काय सुटणार! म्हणाले, "पोरगा बरा दिसते. रविवारी आपल्या तलावावर बलाव. पान्यात कसा हाय ते पाहू."

आमच्यात जावई आधी पाण्यात पाहतात, बाकी सगळं नंतर. मी बाजारात लिलाधरला गाठलं.

"खरं सांग, पान्यात काहून नाई जात तू?"

"जातो न. रविवारी पाहजो."

"लिलाधर..."

"मर्द मानूस आहो मी, रीना. जाईन म्हटलं न!"

असा राग आला मला! पण त्याचे ओठ कोरडे पडले होते, म्हणून पुढे टोचलं नाही.

रविवारी बाबा आणि चार-पाच जण मोठं जाळं घेऊन पाण्यात उभे होते. लिलाधर उतरला. गुडघाभर... मांडीभर... कमरेपर्यंत पाणी आलं आणि तो जागीच थिजला. धाप लागली, चेहरा पांढराफटक.

"अरे बाप्पा! कारध्याचा ढिवर पान्याले भेते!" कोणीतरी खदखदून हसलं.

ते ऐकलं आणि हा पठ्ठ्या खोल बाजूला पाऊल टाकायला लागला. जीव देईल, पण तोंड उघडणार नाही! मी कपड्यांसकट पाण्यात धावले, त्याचा दंड धरला.

"बोल! आत्ताच बोल. नाई त मी बी येतो खोल पान्यात!"

त्याने माझा खांदा घट्ट पकडला.

"माहा भाऊ... पुरात डोंगा पलटला, रीना. त्याचा हात माह्या हातात होता. सुटला... तवापासून पान्यात आलो का दम कोंडते. दम कोंडते हे घरी नाई सांगतलं. कोनालेच नाई."

आणि तो रडला. मोठ्याने, सगळ्यांसमोर.

हसणाऱ्यांनी माना खाली घातल्या. मला आता बाबांची भीती. पण माझी जीभ थोडीच थांबते!

"बाबा, मले हाच पायजे. पान्यात नाई गेला तरी हाच. दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतेत, त्याईच्याकडे मी नेतो याले."

बाबांनी जाळं सोडलं. पाण्यातून आमच्याकडे आले. लिलाधरच्या खांद्यावर हात टाकून त्याला काठावर आणलं, बसवलं, स्वतः शेजारी बसले.  आता नाही म्हणतात की काय...

"तुह्या भावाचं नाव काय होतं, बेटा?"

लिलाधरने मान वर केली. हे त्याला आजवर कोणी विचारलंच नसावं.

"मनिष," तो म्हणाला, आणि मग थांबेचना. मनिष कसा पोहायचा, कसा चिडवायचा, ताटातला मासा कसा पळवायचा... बोलत होता, नाक ओढत होता, मध्येच हसत होता, आणि त्याचा ओला हात सगळ्यांदेखत माझ्या हातात होता. बाबांनी तो पाहिला. पाहून परत लिलाधरकडे वळले.

"हं... मंग?"