स्थिर धरलेलं टोक

त्या दिवशीचं काम तसं किरकोळ होतं. ताईच्या घरामागच्या टेकडीवर जायचं, तिथल्या नळीत मोजणीचा प्रोब सोडायचा, आकडे घ्यायचे आणि उजेड आहे तोवर परतायचं. ताईची ही बहीण मातीची इंजिनीअर होती. माती किती भार सोसेल, कुठला उतार उभा राहील आणि कुठला खचेल, हे सांगण्याचा तिला पगार मिळायचा. बाहेरचे लोक तिचं निमूट ऐकायचे. ताईचा नवरा मात्र तिला 'मातीबाई' म्हणायचा.

या भावोजींनी गॅरेजसाठी टेकडीचा पायथा कापला होता. तिनं परोपरीनं सांगून पाहिलं होतं. मातीचे कण एकमेकांना धरून असतात आणि पायथा वरचा भार अडवून धरतो, म्हणून उतार उभा असतो. पायथाच काढलात तर टेकडी स्वयंपाकघरात येईल. भावोजींनी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. वर 'माझी जागा, माझी माती' हेही ऐकवलं. भांडण अगदी विकोपाला गेलं तेव्हा ताईनं मध्ये पडून एवढंच पदरात पाडून घेतलं: टेकडीत खोल बोअर घ्यायचा आणि त्यात एक नळी उभी करायची. टेकडी सरकली की नळी वाकणार, आणि नळी किती वाकली ते प्रोब सांगणार.

दुपार कलली होती आणि धुकं खाली उतरलं होतं. प्रोब तळाशी पोचला की त्याला थोडा वेळ तसाच ठेवायचा, जमिनीच्या गारव्याची सवय होऊ द्यायची, ही या कामातली रीत. ती केबल हातात धरून उभी राहिली. नळीच्या तोंडातून ओल्या मातीचा वास येत होता, आणि त्यात काहीतरी आंबूस, नासलेलं. मग खालून, फार खालून, झोपेत कुणी दात खावेत तसा आवाज आला. करर्... जरा थांबून पुन्हा, करर्...

वाळू घासली असेल, असं मनाशी म्हणून तिनं आकडे घ्यायला सुरुवात केली.

आकडे पाहून ती चक्रावली. टेकडी सरकत होती, पण उलटी! घरापासून दूर, चढाच्या दिशेनं. खातरजमेसाठी तिनं रीतसर प्रोब उलट्या बाजूनं फिरवून पुन्हा सोडला. उत्तर तेच.

"काय म्हणते गं तुझी टेकडी, मातीबाई?" गॅरेजच्या दारातून भावोजी ओरडले.

"मागे चाललीये..." ती बोलून गेली.

भावोजी पोट धरून हसले. "घाबरली असेल मला!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्या संतापातच तिला आपली चूक दिसली. नळीचं खालचं टोक पक्क्या खडकात बसवतात आणि ते हलत नाही असं धरूनच वरचा सगळा हिशेब करतात. तिनंही तेच धरलं होतं. घाईघाईनं तिनं मोजणीची दुर्बीण लावली आणि नळीचं तोंड समोरच्या पाण्याच्या टाकीशी ताडून पाहिलं. तोंड तसूभरही हललं नव्हतं. म्हणजे टेकडी मागे जात नव्हती. खालचं टोक पुढे येत होतं. माती होती तिथेच होती, आणि तिच्याखालचा अखंड खडक, कुठल्याही खडकानं करू नये ते करत, घराखाली शिरत होता.

ती तडक स्वयंपाकघरात गेली. ताई ओट्याशी उभी होती.

"ताई, माझ्याकडे चल. आत्ता."

ताईनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुलाही कळलं?... पलंगाखाली काहीतरी खरवडतं गं. माझ्या बाजूला नाही... हे झोपतात तिकडे."

"भावोजींना सांगितलंस?"

"त्यांना ऐकूच येत नाही..."

ताई नदीपलीकडे बहिणीच्या तळमजल्यावरच्या घरी आली, पण तिला एकटीला कोण येऊ देणार? भावोजीही कपाळाला आठ्या घालून पाठोपाठ आले आणि ठाण मांडून बसले. गादी टोचते, चहा पाणचट आहे, आणि असली बहीण असलेल्या बायकोशी लग्न करून आयुष्याची माती झाली, हे दिवसभर चालायचं. भिंतीपलीकडून ताईचं दाबून धरलेलं रडणं ऐकू यायचं. हा माणूस मेला तर बरं, असं तिला वाटलं, आणि ते तिनं मनापासून वाटू दिलं.

पुढच्या खेपेला ती टेकडीवर गेली तेव्हा नळीचं खालचं टोक घराची दिशा सोडून दुसरीकडे वळलं होतं. तिनं गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि नव्या दिशेला पट्टी लावली. रेघ नदी ओलांडून थेट तिच्या स्वतःच्या इमारतीवर गेली. तिथे ना टेकडी होती ना उतार, होती नुसती सपाट जमीन.

पायथा कापणारा जाईल तिकडे ते जात होतं. आता शंकेला जागा नव्हती.

संध्याकाळी ती भावोजींसमोर बसली. "माझंच चुकलं. टेकडी भक्कम आहे. तुम्ही खुशाल घरी जा." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांच्याशी गोड बोलली.

"आली एकदाची अक्कल ठिकाणावर!" भावोजींनी लगेच बॅग उचलली.

ताई उठू लागली. तिनं ताईचं मनगट घट्ट धरलं. "ताई राहू दे आजच्या दिवस. अंगात कणकण आहे तिच्या."

कणकण वगैरे काही नव्हती. ताईनं बहिणीकडे बराच वेळ पाहिलं. मग मान खाली घातली आणि नवऱ्याला जाऊ दिलं.

सकाळी भावोजी फोन उचलेनात. ताईची किल्ली घेऊन तिनं घर उघडलं. कुठे तडा नाही, मातीचा कण नाही. पलंगावर त्यांच्या बाजूची गादी खोल दबलेली होती आणि चादर त्या खळग्यात ताणून ओढली गेली होती. भावोजी कुठेच नव्हते.

ती टेकडीवर चढली. नळी सरळ होती, बसवली त्या दिवशी होती तशी. वास नाही, आवाज नाही. तिला हुंदका फुटला आणि स्वतःची किळस आली, कारण तो हुंदका सुटकेचा होता.

केवळ रीत म्हणून तिनं प्रोब फिरवून पुन्हा सोडला. तो तळाशी टेकला. ती थांबली. आणि तिच्या मुठीतली केबल खालून हळूच ताणली गेली. आकडे बदलू लागले. टोक पुन्हा वळत होतं, नदीपलीकडे, तिच्या घराकडे.

पण आता तिथे पायथा कापणारं कुणीच नव्हतं. एकटी ताई होती.

तिनं फोन लावला. "ताई, बाहेर पड... काही घेऊ नकोस, आधी बाहेर पड."

"अगं, थांब जरा." ताईचा आवाज अगदी शांत होता. "हे आलेत... फरशीखालून हाक मारतायत मला."

"ताई!"

"तू ये ना लवकर... तुझंही नाव घेतायत."