भोंगेवाला

मे महिन्याच्या अखेरीस एका शनिवारी सकाळी टेगन हॅलोरन डॉरीला म्हणाली, "या ना माझ्या शेजारी. बोलत बोलत जाऊ. बोलताना भीती कमी वाटते."

तिथूनच सगळं सुरू झालं.

डॉरी एकसष्ट वर्षांची. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली, नवरा गेला, आणि एक दिवस शेजारणीला सायकलवरून भाजी आणताना बघून तिने ठरवलं, आपल्यालाही हे आलं पाहिजे. टेगन आठवडाभर दातांच्या दवाखान्यात फोन उचलायची आणि शनिवारी पन्नाशी उलटलेल्या बायकांना फुकट सायकल शिकवायची. सहा आठवडे मैदानात गोल गोल फिरवल्यावर आज ती डॉरीला पहिल्यांदाच खऱ्या वाटेवर घेऊन आली होती. ऑस्ट्रेलियातल्या होबार्ट शहरातून उत्तरेकडे, बंद पडलेल्या रेल्वेच्या कडेने जाणारी ती सायकल-वाट. नदीवरचं धुकं विरत होतं, गवत चिंब होतं, आणि समोर डोंगराच्या माथ्यावर हिवाळ्याच्या सुरुवातीचा, रात्रीच पडलेला बर्फ चमकत होता.

डॉरी तिच्या उजव्या बाजूला आली. "अगं... मी चालवतेय की," ती हसून म्हणाली.

आणि मागून भोंगा वाजला.

सायकलची घंटी नव्हे. मालट्रकचा असावा तसा, छातीत घुसणारा भोंगा. डॉरीचं हँडल गर्रकन वळलं, पुढचं चाक वाटेवरून उतरलं, आणि ती खडीवर हात टेकून पडली. हाड मोडल्याचा आवाज टेगनला स्पष्ट ऐकू आला.

भोंगा वाजवणारा पुढे जाऊन थांबला, सायकल तशीच टाकून धावत आला. उंच, वाऱ्याने लाल झालेला चेहरा, बाह्यांवर पांढरी धूळ.

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" टेगन ओरडली.

"त्यांचा हात हलवू नका." त्याने जॅकेट काढून गुंडाळलं आणि डॉरीच्या मनगटाखाली अलगद सरकवलं.

"मी काहीतरी विचारलं."

"आहे ठिकाणावर. म्हणूनच वाजवला. पुढे वळण होतं, आणि तुम्ही दोघींनी अख्खी वाट अडवली होती."

"घंटी नावाची एक वस्तू असते."

"घंटी कोणी ऐकत नाही."

"मी ऐकते."

त्याने तिच्या हेल्मेटखालच्या, कान झाकणाऱ्या जाड लोकरी टोपीकडे पाहिलं. "अच्छा," तो म्हणाला.

टेगनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचे डोळे धुक्यातल्या नदीच्या रंगाचे होते. हे आपल्याला अशा वेळी दिसलंच कसं, याचा तिला आणखी राग आला.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. सहा आठवडे प्लॅस्टर. डॉरीला घरी सोडून टेगन आपल्या खोलीवर आली आणि तिने बाकीच्या चौघींना निरोप पाठवला: पुढचे शनिवार वर्ग नाही. कधी सुरू होईल, ते तिने लिहिलं नाही.

गुरुवारी ती सामान घेऊन डॉरीकडे गेली, तर स्वयंपाकघरात शेगडीपाशी तोच उभा. हातात पळी.

"हा इथे काय करतोय?"

"वाटाण्याचं सूप," डॉरी खुर्चीवरून म्हणाली. "त्याच्या आजीच्या हातचं असतं तसं. डच माणसं आहेत ती, तिकडे किंग्स्टनची. याचं नाव ब्रॅम. पत्ता मीच दिला त्याला. बोटी बांधायच्या कारखान्यात असतो. बस."

"मी याच्याबरोबर बसणार नाही."

"मग उभी राहून खा," ब्रॅम म्हणाला. "पण गरम आहे तोवर खा."

"विष घालायला विसरला नाहीस ना?"

"तुझ्या वाटीत घालायचं राहिलंय. थांब जरा."

डॉरी हसली. टेगन हसली नाही. पण सूप तिने संपवलं, आणि वाटी अशी आपटून ठेवली की जणू तेही त्याचंच चुकलं होतं.

मग रविवार सोडला तर हे रोजचंच झालं. टेगन संध्याकाळी सहाला यायची, तो आधीच आलेला असायचा. कधी चूल पेटवत, कधी कचरा बाहेर नेत. ती आली की भांडण ठरलेलं. ती त्याला भोंगेवाला म्हणायची, तो तिला बाईसाहेब म्हणायचा. ती म्हणायची, माणसांना दचकवून बाजूला सारायचं म्हणजे गुंडगिरी. तो म्हणायचा, दचकलेला माणूस जिवंत असतो. घराच्या फाटकापर्यंत दोघं भांडत जायची, फाटकात उभी राहून आणखी भांडायची, आणि मग त्याच्या सायकलचा लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत टेगन तिथेच उभी असायची. का, ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

"पडले मी," एकदा डॉरी म्हणाली, "आणि राग तुझा उतरत नाही. असं का गं, पोरी?"

"कारण तुम्ही फार साध्या आहात."

डॉरीने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

जूनमध्ये टेगनने अर्ज तयार केला. सायकल-वाटेवर असल्या भोंग्यांना बंदी घालावी, असा. पहिल्या परिच्छेदात घडलेली हकीकत होती. त्यात एक वाक्य होतं: 'डाव्या बाजूने शिस्तीत चाललेल्या महिलेला...' हे टाइप करताना तिची बोटं थांबली होती. वाटेवर सगळ्यांनी डावीकडून चालायचं, पुढे जाणाऱ्यासाठी उजवी बाजू मोकळी सोडायची, हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. डॉरी उजवीकडे होती. टेगनने तिला तिथे बोलावलं होतं. बोटं थांबली... आणि पुन्हा चालू लागली.

अर्जावर एकशे त्रेचाळीस सह्या झाल्या. डॉरीच्या टेबलावर तो ब्रॅमच्या हाती लागला. त्याने पहिला परिच्छेद वाचला. पुन्हा वाचला. मग मान वर करून टेगनकडे पाहिलं. तिच्या मानेपासून कानापर्यंत गरम होत गेलं.

"अक्षर छान आहे," तो म्हणाला.

"टाइप केलंय."

"मग टायपिंग छान आहे." त्याने कागद घडी करून तिच्या हातात दिला. बोटाला बोट लागलं. त्या रात्री तिला झोप आली नाही, आणि त्याचं खापरही तिने त्याच्यावरच फोडलं.

जूनच्या शेवटच्या रविवारी दुपारी दोन वाजता मूना उपनगरातल्या हॉलमध्ये वाटेच्या समितीची सभा भरली. पन्नासेक माणसं आली. अध्यक्षस्थानी हिस्लॉपबाई, चष्मा नाकाच्या टोकावर. डॉरी पहिल्या रांगेत, प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन.

टेगन बोलली. तिला बोलता येत होतं, आणि राग तिच्या कामी आला. टाळ्या पडल्या. मग ब्रॅम उभा राहिला. वाटेवर कुठे किती वळणं आहेत, कुठे झाडी दाट आहे, घंटी किती अंतरावरून ऐकू येते, हे त्याने मोजून आणलं होतं. कोणी ऐकून घेत नव्हतं. मागून एक जण म्हणाला, "म्हातारीचा हात मोडलास आणि वर हिशेब सांगतोस?"

हिस्लॉपबाई हात वर करून ब्रॅमकडे वळल्या. "मिस्टर डे हान, एकच विचारते. त्या दिवशी या बाई वाटेच्या कोणत्या बाजूला होत्या?"

टेगनने ब्रॅमकडे पाहिलं. आता संपलं. त्याने सांगावं, तो सांगणारच, त्याच्या जागी ती असती तर तिने सांगितलंच असतं.

ब्रॅमने क्षणभर जमिनीकडे पाहिलं. "मी घाईत होतो," तो म्हणाला. "मला आठवत नाही."

मग लोकांनी त्याच्यावर मनसोक्त तोंडसुख घेतलं. बेशरम, बेजबाबदार, असल्यांची सायकलच काढून घ्यायला हवी. तो उभा राहून ऐकत राहिला. मतदानाआधी चहाची सुट्टी झाली, माणसं लॅमिंग्टन केकच्या ताटाभोवती जमली, आणि तो मागच्या दाराने बाहेर पडला.

टेगन धावत त्याच्या मागे गेली. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. तो सायकलचं कुलूप काढत होता.

"का?" ती म्हणाली. "तुला सगळं आठवतंय. वाटेवर जगाच्या कानठळ्या बसवतोस, आणि इथे मूग गिळून बसलास?"

"आत जा. भिजशील."

"मला नको सांगूस काय करायचं ते. माझ्यावर उपकार करायला कोणी सांगितलं होतं तुला?"

"उपकार?" आता त्याचा आवाज चढला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच तो खरा चिडला होता. "तुझा वर्ग बंद आहे. डॉरीने सांगितलं मला. त्या चौघी तिला फोन करून विचारतात, टेगन पुन्हा कधी बोलावणार. तू कोणाला उत्तर देत नाहीस. आज त्या सगळ्यांसमोर मी बोललो असतो, तर तू त्या मैदानात पुन्हा पाऊल टाकलं असतंस का?"



"मला माहीत आहे ते कसं असतं," तो म्हणाला. कुलूप त्याच्या हातात तसंच राहिलं होतं. "दोन वर्षांपूर्वी मी एका म्हाताऱ्याच्या बाजूने पुढे निघालो. गुपचूप. घंटीसुद्धा वाजवली नाही, उगाच कशाला दचकवायचं म्हणून. त्याचा कुत्रा उजवीकडे गेला, तोही एक पाऊल उजवीकडे आला... खुब्याचं हाड. आजही काठीशिवाय चालत नाही. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी जातो त्याच्याकडे. तो चहा विचारतो. एकदाही रागावला नाही. रागावला असता तर फार बरं झालं असतं, टेगन."

पावसाचे थेंब त्याच्या भुवयांवर जमले होते. इतक्या आठवड्यांत तिने त्याला भोंगा का लावलास हे हजारदा विचारलं होतं, आणि एकदाही उत्तरासाठी थांबली नव्हती.

"हे आधी सांगता आलं नाही तुला?"

"तू श्वास घेतलास की सांगणार होतो."

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. ती वळली आणि तरातरा आत गेली.

चहाचे कप अजून लोकांच्या हातात होते. टेगन टेबलापाशी उभी राहिली. "अर्जात मी खोटं लिहिलंय," ती म्हणाली. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "डॉरी उजव्या बाजूला होत्या. मी त्यांना तिथे बोलावलं होतं. माझी चूक होती, आणि ब्रॅमला ती माहीत होती."

हॉलमध्ये आधी कुजबुज, मग गलका. तीन-चार जणांनी तिथल्या तिथे आपल्या सह्या खोडायला सांगितल्या. एका बाईने टेगनला विचारलं, लाज नाही वाटत का. टेगन म्हणाली, वाटते.

डॉरी तिच्याजवळ आली आणि चांगला हात तिच्या पाठीवर ठेवला. "मी कुठे पडले ते मला ठाऊक नव्हतं होय, वेडे?" ती हळूच म्हणाली. "तू कधी सांगतेस याची वाट बघत होते."

मतदान झालं. भोंग्यांवर बंदी आली, एकतीस विरुद्ध एकोणीस. लगेच दुसरा ठराव आला, वळणांवर शेजारी शेजारी सायकल चालवायलाही बंदी. तो जवळजवळ एकमताने मंजूर झाला.

साडेतीनला टेगन हेल्मेट चढवत बाहेर आली तेव्हा पाऊस थांबला होता. ब्रॅम गेला नव्हता. दाराला टेकून उभा होता, डोक्यावर हेल्मेट, कपडे ओले.

"हरलास तू," ती म्हणाली.

"तूही हरलीस."

"मला तुझा राग येतो." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "सकाळी उठल्या उठल्या येतो. दवाखान्यात फोन उचलते तेव्हा येतो. लोक दाढ दुखते म्हणून सांगत असतात आणि मी... तुला काय उत्तर द्यायचं त्याचा विचार करत असते. रविवारी तू डॉरीकडे येत नाहीस, तर रविवारी जास्त येतो."

"एवढा वेळ माझा विचार करतेस?"

"रागाने."

"चालेल," तो म्हणाला. मग, अगदी हलक्या आवाजात, "डॉरीचं घर माझ्या कारखान्यापासून सहा मिनिटांवर आहे. तरी मी रोज पाचलाच येऊन बसायचो. तू सहाला येतेस म्हणून."

टेगनने आता त्याच्याकडे पाहिलं. नदीच्या रंगाचे ते डोळे, खाली न झुकणारे... थोडेसे घाबरलेले.

"त्या म्हाताऱ्यांकडे आज जायचंय ना तुला?"

"हो. उशीर झालाय."

"मी येते."

"कशाला?"

"भांडायला. तुझ्यावर रागावले का नाहीत, विचारायचंय मला." तिने आपल्या हेल्मेटचा पट्टा आवळला. "आणि तू त्यांच्या दारात एकटा उभा राहावास, असं मला वाटत नाही. कळलं? की हेही अर्जात लिहून देऊ?"

ब्रॅमने तिचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि ती पुढे झाली. दोघांची हेल्मेटं एकमेकांवर टणकन आपटली. ती पुटपुटली, "सांभाळून, मूर्खा," आणि स्वतःच त्याच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवू लागली.