शेवटचा तीन

पाटी बिघडली ती माझ्या हातून. पितळेवर आठ आकडे कोरायचे होते. शेवटच्या तीनवर आले आणि कोरणी सटकली. नेमका तेव्हाच पाटी न्यायला तो दारात.

“सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस… तुमचीच का?” मी विचारलं.

“हो. आमचे सर निवृत्त होतायत, त्यांच्यासाठी. मीही गणितच शिकवतो. मूळ संख्या आहे ती. एक आणि ती स्वतः सोडली, तर कशानेच भाग जात नाही.”

“आता जाईल बहुतेक,” म्हणत मी पाटी पुढे केली.

तो हसला. “तीन काढून टाका. उरते तीही मूळच.”

“माझं मन राखताय.”

“गणितात तशी सोय नाही. पुढचा तीनही काढा, मग एक… शेवटून असे सात उरेपर्यंत काढत जा. दर वेळी मूळच.”

मला खरं वाटेना. सातशे एकोणचाळीस उरले तेव्हा मी पेन्सिल घेतली. सातने भागलं – चार उरले. अकराने – दोन. तेवीसपर्यंत गेले, दर वेळी काहीतरी उरलंच. तो काउंटरवर कोपर टेकून बघत होता. आकड्यांकडे नाही… माझा हात उगाच हळू चालायला लागला.

पाटी मी नव्याने कोरून दिली. तरी तो येत राहिला. एकदा किल्लीचा बिल्ला, एकदा मांजराच्या पट्ट्याचा. त्याच्याकडे मांजर नाही, हे बाबांनी लगेच हुडकून काढलं आणि त्याचं नाव ठेवलं – ‘अविभाज्य’.

मग एका दुपारी तो म्हणाला, “दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय. तुम्ही… याल?”

आत बाबा खोकत, भिंग लावून अक्षरं चाचपत होते. त्यांची नजर अधू झाल्यापासून दुकान माझ्यावरच होतं.

“त्या संख्येला शेवटी आणखी एक आकडा जोडला तर?” मी विचारलं.

“नाही चालत. कुठलाही जोडा, भाग जातोच.”

“माझंही तसंच आहे. आई गेली, ठरलेलं लग्न मोडलं… तरी मी उभी राहिले. पण आता कुणी जोडलं गेलं, तर अर्धी तिकडे, अर्धी बाबांपाशी.”

माझं बोलणं त्याने उडवून लावलं नाही, हे मला आवडलं.

“संख्येला जागा सोडता येत नाही,” तो म्हणाला. “मला गाडीत बसता येतं. तुम्ही इथेच राहा. मी दर शनिवारी तिकडून निघेन, रविवारी इथे.”

“दर शनिवारी?”

“कंटाळलात की सांगा.”

“रविवारी दुकान बंद असतं.”

त्याचा चेहरा उतरला. आतला बाबांचा खोकला एकदम थांबला.

“तरी ये,” मी म्हणाले.

‘या’ म्हणायचं होतं. ‘ये’ निघून गेलं… आणि मी ते राहू दिलं.