बुडबुडे थांबेनात

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. रविवारी, भर दुपारी, ताईच्या कॉलेजच्या लॅबमध्ये.

ताई म्हणजे माझी चुलत बहीण. ती सिरॅमिक फोमवर पीएचडी करते. म्हणजे काय, तर स्पंज मातीच्या पातळ लगद्यात बुडवायचा आणि भट्टीत टाकायचा. स्पंज जळून जातो, मातीची जाळी उरते. अगदी हुबेहूब. स्पंजचे धागे होते तिथे आत पोकळ्यासुद्धा राहतात.

त्या जाळीत एकूण पोकळी किती, हे तिला मोजायचं होतं. तुकडा काचेच्या भांड्यात पाण्याखाली ठेवायचा, झाकण लावायचं, पंपाने हवा ओढायची. छिद्रांतली हवा बुडबुडे होऊन निघते. बुडबुडे थांबले की व्हॉल्व्ह उघडून भांड्यात परत हवा सोडायची. तिच्या दाबाने पाणी छिद्रांत शिरतं, मग वजन करायचं.

दुसऱ्या दिवशी सरांना आकडा द्यायचा होता. नाहीतर ताईचं आख्खं वर्ष वाया.

आणि बुडबुडे...

थांबतच नव्हते.

पाणी बदललं. झाकणाला ग्रीस लावलं. शेजारच्या लॅबमधून दुसरा पंप उचलून आणला, माझा खांदा निखळायचाच बाकी होता. बाकीचे तुकडे केव्हाच गप्प झाले होते. हा एकटा चालूच.

"एवढुशा तुकड्यात हवा असून असून किती असणार?" ताई जाम वैतागली होती.

"तुझ्यावर गेलाय. गप्प बसत नाही."

"तोंड बंद कर, नाहीतर तुलाच आत घालीन."

मी तोंड बंद केलं. आणि मग लक्षात आलं.

तीन बुडबुडे, घाईघाईने.

मग काहीच नाही...

मग एक मोठा.

परत तीन. परत शांत.

त्या शांततेत आम्ही दोघींनी श्वास रोखला होता. सवयीने. घरी असंच व्हायचं ना... काकांना दम्याचा झटका आला की.

"ताई, या तुकड्याचा स्पंज कुठला?"

ती झाकणावरचं ग्रीस पुसत बसली.

"सांग ना गं."

"आधीचा संपला, मागवलेला आलाच नाही. सर मागे लागलेले. मग... बाबांची उशी होती ना, फोमची. कपाटात नुसती पडून होती."

काका मागच्या वर्षी त्याच उशीवर गेले.

मला पळावंसं वाटत होतं. ताई मात्र भांड्याजवळून हलेना.

"सगळी हवा ओढली ना," ती म्हणाली, "की थांबेल."

म्हणाली आणि काय बोलून गेली ते तिचं तिलाच कळलं.

तीन बुडबुडे...

मधली शांतता लांबत चालली होती. अजून थोडा वेळ, की आकडा हातात.

ताईने पंप बंद केला. व्हॉल्व्ह उघडला.

"अगं, अर्ध्यातच? आकडा गेला ना."

"जाऊ दे. त्यांना हवा लागते."

सूं... करून हवा आत शिरली. लांबलचक, पोटभर. काकांना असा श्वास घेताना मी कधी ऐकलं नव्हतं.

हवा शिरताना आवाज होतोच. सरही हेच म्हणाले, आणि ताईचं वर्ष गेलं ते गेलंच.

पण भांडं हवेने भरलं, सगळं शांत झालं, आणि मग...

तीच हवा कुणीतरी सावकाश बाहेर सोडली.

कुणी, ते आम्ही दोघींनी अजून एकमेकींना विचारलेलं नाही.