दुसऱ्याचं पान

एकोणीसशे सत्तावन्नचा आषाढ. गाव आचरा, खाडीकाठचं घर. पटो न पटो, हे घडलेलं आहे. माझ्या यशोदाकाकीने स्वतः पाहिलेलं.

तिचा नवरा भिकाजी मुंबईहून आला तो फ्लू घेऊनच.

"दादा, चपला हाड म्हणान सांगितलंय, तर तू ताप हाडलंस!" धाकटा भाऊ लवू हसला.

सासूने, राधाबाईने, उतारा काढला. केळीच्या पानावर भात, वर अंडं. लवूने तो शिवेबाहेर ठेवला, मागे न बघता परतला.

ताप उतरला. भिकाजी पेज प्यायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्याला उलट्या सुरू झाल्या. मान लाकडासारखी ताठ.

यशोदा उशाशी बसली होती. तिला श्वास ऐकू आला...

भिकाजीचा नव्हे. त्याच्या पलीकडून.

मग त्याचे ओठ हलले. आवाज त्याचा नव्हता.

"तेका पान वाढलंस... माका खंय?"

डॉक्टर कॉस्मे आले. पाठीत सुई घालून पाणी काढलं. गढूळ निघालं.

"फ्लूनं वाट केली, मागसून मेंदूज्वर शिरलो. एका अंगात दोन. वाचतलो म्हणान मी सांगणंय नाय."

पेनिसिलिन टोचून ते गेले. यशोदा पाण्याला विहिरीवर गेली.

परतली तर खोलीचं दार आतून बंद. आत सासू कोणाशी तरी बोलत होती.

"पोटभर जेव. माझ्या झिलाक सोड. तेच्या बदल्यात मी आसंय."

"आये! दार उघड!"

दार उघडलं. भिकाजीच्या उशाशी केळीचं पान.

"उतारो घरात वाढलंस? तो शिवेभायर धाडूचो असता गो!"

"गप ऱ्हव. तुझो घोव जिवंत व्हयो मां तुका?"

पानावर एक शीत नव्हतं. राधाबाईचे हात मात्र कोरडे होते, खरकटे नव्हते...

सांज होईतो भिकाजीची मान सैल पडली. त्याने डोळे उघडले.

"आये, बघ गो!" यशोदा ओरडली.

सासू कोपऱ्यात बसली होती. मान मागे वळलेली, ताठ. अंग थंडगार.

"हिका ताप नाय, फ्लू नाय," परत आलेले डॉक्टर पुटपुटले. "माका कळणा नाय."

ते पुढे गोव्याला गेले. लवू बोटीवर लागला. गावात कोणाचाही उतारा त्याने पुन्हा उचलला नाही. काकी गेली त्यालाही आता वर्षं झाली. त्या पानाचं कोडं मला अजून झोपू देत नाही.

भिकाजी म्हातारा होऊन गेला. त्या दुखण्यात दोन्ही कान गेले ते गेलेच.

आई कशाने गेली, तो विचारायचा. यशोदा उत्तर लिहायला पाटी घ्यायची... आणि कोरीच ठेवून द्यायची.