लाल दोरीचे बाण

मेंगिया आत्याने आयुष्यभरात मला एकच गोष्ट हळू आवाजात सांगितली. ती घडलेली आहे. ज्या दारातून ती दोरी गेली, ते दार मी पाहिलंय.

साल १९५८, फेब्रुवारी. उंच बर्फाळ डोंगरांमधलं आमचं एंगाडीन खोरं. रात्र नव्हती, भर दुपार होती.

तीन आठवड्यांपूर्वी तिचा भाऊ लुत्सी आणि तिचा होणारा नवरा कर्दिन, दोघे डोंगरावरच्या कोठारातून घसरगाडीवर गवत आणायला गेले होते. खाली जुना बर्फ, साखरेसारखा सुटा. त्यावर वाऱ्याने लोटलेला नवा, जड थर. असा थर कधी निसटेल, सांगता येत नाही.

म्हणून आमच्याकडे कमरेला लांब लाल दोरी बांधून उतार ओलांडायचा. माणूस गाडला गेला तरी हलकी दोरी वर राहते. तिच्यावर पत्र्याचे बाण असतात, माणसाकडे रोखलेले. त्या दिशेने जायचं आणि खणायचं.

त्या दिवशी थर निसटला.

गावकऱ्यांना दोरी दिसली, म्हणून कर्दिन जिवंत निघाला. लुत्सी सापडलाच नाही.

"किती सांगितलं त्याला, दोरी बांध," कर्दिन रडत म्हणाला होता. "ऐकेल तर शपथ! म्हणे, असली थेरं म्हाताऱ्यांसाठी."

मेंगियाने तीन आठवडे मेलेल्या भावाला शिव्या घातल्या.

त्या दुपारी ती हिमलोटाच्या ढिगाशी उभी होती. अचानक वारा पडला. झऱ्याचा आवाजही थांबला...

पायाशी लाल दोरी होती.

तिने बाण पाहिला. तो ढिगाकडे नव्हता... गावाकडे होता.

पुढचाही.

त्याच्या पुढचाही.

दोरी एका दाराखालून आत गेली होती. कर्दिनच्या.

आत तो सातूचं सूप पीत बसला होता. "ये गं! दार लाव आधी, गारठा येतोय. तुझ्या हातच्या सुपाची सर नाही, पण घे थोडं."

मेंगियाने दार लावलं. "कर्दिन, कमरेला काय आहे तुझ्या?"

त्याने खाली पाहिलं. चमचा गळून पडला.

"ही... ही तर मी चुलीत जाळली होती!"

कमरेभोवतीच्या फाशावर निळी शिवण होती. मेंगियाने स्वतः घातलेली.

"ही लुत्सीची."

"माझी घरी विसरली होती गं. तोच म्हणाला, तू बांध, तुमचं लग्न ठरलंय..."

"आणि तू मला सांगितलंस, त्याने ऐकलं नाही."

कर्दिन घाईघाईने फाशाची गाठ सोडू लागला.

बाहेर बर्फावर काहीतरी सरसरलं...

दोरी ताणली गेली. हळूहळू. डोंगराकडून कोणीतरी ओढत होतं. कर्दिन खुर्चीसकट दाराकडे सरकला.

"मेंगिया! धर मला!"

मेंगियाने दार उघडलं.

फास सुटला. गाठ तशीच होती, तरी सुटला. दोरी सरसरत वर निघून गेली. बर्फावर ओरखडासुद्धा नव्हता.

कर्दिन आठवड्याभरात खोरं सोडून गेला.

जूनमध्ये बर्फ वितळला आणि लुत्सी सापडला. कमरेला लाल दोरी, जागोजागी करपलेली. निळी शिवण शाबूत.

बाण मात्र त्याच्याकडे नव्हते. सगळे गावाकडे रोखलेले होते.

पण कर्दिन तर तेव्हा गावात नव्हताच... आत्या होती.

अजूनही पहिला बर्फ पडला की आत्या बोलता बोलता आपली कमर चाचपते.

"काय शोधतेस गं?" मी एकदा विचारलं.

"गाठ," ती म्हणाली.